तिथीची पाऊणपट पुरेशी नाही

गणपतीनंतर समुद्र निवळू लागला की मुंबई-पुण्याहून गळ घेऊन कोकणात उतरणाऱ्यांची संख्या वाढते, आणि दरवर्षी त्याच सुमारास एक लांबलचक संदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरू लागतो. मासे पकडायला समुद्रावर केव्हा जावे हे ठरवण्यासाठी घरातले पंचांग पुरेसे आहे, असे त्याचे म्हणणे आहे. तिथीची पाऊणपट केली की कोकणात कोठेही भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला आणि अमावास्येला मासा सर्वांत जास्त लागतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो, त्यामुळे सरकारी बंदीच्या तारखांना अर्थ नाही. आणि आकाश निरभ्र असून वारा पडलेला असेल तर धोका नसतो, असे चार आधार त्यात दिलेले असतात. शेवटी, आपल्या पूर्वजांना याहून अधिक काही लागत नव्हते, असे एक वाक्य असते. रत्नागिरीकडच्या खडपांवर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या खडकांवर, आणि खाडीत मी अनेक वर्षे गळ टाकतो, लहान होडीतूनही जातो. या संदेशातले काही खरे आहे, आणि म्हणूनच तो मला अधिक घातक वाटतो.

पाऊणपटीचा हिशेब खोटा नाही. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमीला सहाच्या सुमारास; पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईच्या आसपास हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो आणि घड्याळ नसलेल्या काळात तोंडी लक्षात राहणारे इतके सोपे गणित रचणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. पण हे गणित स्वतःच्याच सांध्यावर कोठे उसवते ते पाहावे. पौर्णिमेला उत्तर येते सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला येते पाऊण, म्हणजे एका दिवसात दीड तासाचा फरक. प्रत्यक्षात भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत तर त्याहूनही कमी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत मात्र हे अंतर तासाच्या वर जाते. शिवाय पंचांगातली तिथी सूर्योदयाची असते. क्षय तिथी आली, म्हणजे एखादी तिथी गळली, की हिशेब एकदम दीड तास उडी मारतो, वृद्धी तिथी आली, म्हणजे तीच तिथी दोन दिवस राहिली, की दोन दिवस एकाच वेळेवर थांबून राहतो. पाणी मात्र ना उडी मारते, ना थांबते.

दुसरी अडचण जागेची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्याला पूर्ण भरती मुंबईच्या साधारण तासभर आधी येऊन जाते, रत्नागिरीला या दोहोंच्या मध्ये कधीतरी येते, आणि कोणत्याही खाडीत आत गेलात तर तोंडापेक्षा उशिरा येते. पाण्याची उंचीही जागोजागी वेगळी असते. उधाणाला गोव्याकडे पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, मुंबईला चार मीटरच्या वर आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरहून अधिक. पाऊणपटीचा हिशेब उंचीबद्दल काहीच सांगत नाही, आणि खडपावर उभ्या असलेल्या माणसाला वेळेइतकीच उंचीची गरज असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका वद्य प्रतिपदेला मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन सकाळी सहाला खडपाच्या टोकावर गेलो होतो. हिशेबाप्रमाणे दुपारी पाऊण वाजता भरती, म्हणजे साडेसहाला पूर्ण सुकती, ओहोटी. आठपर्यंत गळ टाकून परतलो तर मधल्या चरात फार तर गुडघाभर पाणी असेल, असे मी धरले होते. प्रत्यक्षात सुकती साडेपाचच्या पुढेमागे होऊन गेली होती आणि आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी चढायला लागलेले होते. पहिल्या तासात ते इतके हळू चढते की कळत नाही. आठ वाजता मी वळून पाहिले, तेव्हा येताना ज्या चरातून आम्ही घोटे भिजवून आलो होतो त्यात माझ्या कमरेएवढे, म्हणजे पोराच्या छातीपर्यंत पाणी होते आणि ते आडवे ओढत होते. मी त्याला खांद्यावर घेतले, गळ तिथेच टाकले आणि कालवांच्या धारेने पाय फाडून घेत पलीकडे आलो. चूक पन्नास मिनिटांचीच होती.

ती पन्नास मिनिटे इतकी महाग का पडतात, याचे कारण पाणी चढण्याच्या रीतीत आहे. सुकतीपासून भरतीपर्यंतचे साधारण सहा तास धरले, तर एकूण चढाचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दोन हिस्से दुसऱ्या तासात, तीन-तीन हिस्से तिसऱ्या आणि चौथ्या तासात आणि मग पुन्हा दोन आणि एक, असे पाणी भरते. चार मीटर वीस सेंटिमीटरचा चढ असेल तर पहिल्या तासात पस्तीस सेंटिमीटर, दुसऱ्यात सत्तर आणि तिसऱ्यात एक मीटरहून जास्त. ज्याने पहिल्या तासाचा वेग पाहून पुढचा अंदाज बांधला, तो तिसऱ्या तासात अडकतो. आपल्या सर्वांत जवळच्या बंदराचे भरतीचे तक्ते पाहायला पाच मिनिटे लागतात. भारतीय सर्वेक्षण विभाग ते दरवर्षी काढतो, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर तर १८७८ पासून पाण्याची पातळी मोजली जात आहे. तक्त्यात वेळही असते आणि उंचीही. पाऊणपटीचा उपयोग तक्त्यात पाहिलेली वेळ भलत्याच तारखेची नाही ना, हे तपासण्यापुरता करावा.

आता पौर्णिमा-अमावास्येच्या माशांबद्दल. हा दावा कोणाच्या हातात कोणते जाळे आहे यावर खरा किंवा खोटा ठरतो. पालघर, मुंबई, रायगडकडे डोल नावाचे जाळे लावणारे कोळी बांधव बोंबील आणि जवळा धरतात तो पाण्याच्या ओढीच्या जोरावर. डोल जागच्या जागी रोवलेली असते, मासा तिच्याकडे वाहत यावा लागतो, म्हणून उधाणाचे दिवस त्यांच्या कमाईचे आणि भांगाचे दिवस जाळी दुरुस्त करण्याचे असतात. सुकतीला खडपावर कालवे फोडायला जाणाऱ्या बायकांनाही उधाणच हवे असते, कारण एरवी पाण्याखाली राहणारा खडक तेव्हाच उघडा पडतो; तोही पौर्णिमेला नव्हे, तर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त, हे त्या कोणीही न सांगता जाणतात. उलट रात्री तरंगते जाळे सोडणाऱ्यांना पौर्णिमेचे लख्ख चांदणे नको असते. माशाला जाळे दिसते, म्हणून ते काळोखी रात्र पसंत करतात. म्हणजे एकाच चंद्राच्या दोन उधाणांपैकी त्यांना एकच उपयोगाचे.

आणि गळवाल्यांचे काय? उधाणाच्या जोरदार ओढीत खाडीचे पाणी ढवळून गढूळ होते, शिसे तळाशी टिकत नाही आणि नजरेने शिकार करणारा मासा आमिषाकडे फिरकत नाही. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे मला स्वतःला चांगले मासे मिळाले आहेत ते बहुतेक पंचमी-षष्ठीच्या किंवा दशमी-एकादशीच्या आसपास, पाणी वाहते पण फाडत नाही अशा वेळी, आणि तेही भरती सुरू झाल्यानंतरच्या दोन-तीन तासांत. ही एका माणसाची वही आहे, त्यातून नियम काढावा असे मी म्हणणार नाही. फोनमधली काही अ‍ॅप दिवसापुढे माशांची चित्रे काढून ‘आज उत्तम’ असे सांगतात, त्यांचे मूळ १९२६ मध्ये जॉन ऑल्डन नाइट या अमेरिकी गळवाल्याने मांडलेल्या चंद्र-सूर्याच्या कोष्टकांत आहे. आपल्याकडच्या खाडीतल्या गढूळपणाची, पावसाळ्यानंतर उतरणाऱ्या गोड्या पाण्याची त्या चित्रांना काहीही माहिती नसते.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो श्रद्धेच्या आडून येतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणे ही कोळी समाजाची मोठी परंपरा आहे आणि पावसाळा ओसरत चालल्याची ती खूण आहे, यात वाद नाही. पण ती चांद्र तिथी आहे, आणि पावसाळा सूर्यावर चालतो. २०२० मध्ये नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली. जवळजवळ चार आठवड्यांचा हा फरक आहे. २०२० च्या त्या पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी, ५ ऑगस्टला, मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले होते. त्या दिवशी ‘नारळ पडला, आता दर्या आपला’ असे म्हणून कोणी होडी काढली असती, तर तिचे काय झाले असते ते सांगायला नको.

बंदीच्या तारखांना अर्थ नाही, हेही चुकीचे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. दोन्ही किनाऱ्यांच्या तारखा वेगळ्या आहेत, यावरूनच त्या ठरवताना ऋतूचा विचार झाला आहे हे दिसते. त्यामागे जिवाची सुरक्षितता आहे, कारण त्या दोन महिन्यांत आपल्याकडे किनाऱ्यापासून जरा आत तीन-चार मीटरच्या लाटा ही नेहमीची गोष्ट असते, आणि माशांच्या विणीचा काळही आहे. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. तो पुढेही बाजारात दिसावा असे वाटत असेल तर त्याला अंडी घालायला अवधी दिलाच पाहिजे. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे, पण ती सूट कायद्याची आहे, समुद्राची नाही. खडपावरून गळ टाकणाऱ्या हौशी माणसाला कोणी अडवत नसले, तरी जून-जुलैत त्याने तिथे जाऊ नये.

पावसाळा संपला म्हणजे वर्षभराची काळजी संपली, असेही नाही. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन खिडक्यांत येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी किनाऱ्यावर आले आणि त्याच्या वाटेत कोकणातल्या अनेक मासेमारी नौका सापडल्या. २०१९ च्या दिवाळीत क्यार किनाऱ्यापासून दूरच राहिले, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गापर्यंत किनारा झोडपला. दोन्ही वेळा नारळी पौर्णिमा कधीच होऊन गेली होती.

चौथा दावा निरभ्र आकाशाचा. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, वारा पडला, पाणी काचेसारखे झाले, म्हणजे समुद्र सुरक्षित, असे डोळ्यांना पटते. परंतु आपल्या किनाऱ्यावर येणारी प्रत्येक लाट इथल्या वाऱ्याने उठलेली नसते. दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या पलीकडे हजारो किलोमीटरवर वादळ झाले की तिथून निघालेली लांब लाट काही दिवसांनी इथे पोहोचते. केरळात अशा अवचित येणाऱ्या समुद्राला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. उघड्या समुद्रात ती लाट होडीखालून नुसती उचलून जाते, जाणवतही नाही. उथळात आली की उभी राहते. दोन लाटांमध्ये पंधरा-वीस सेकंदांचे अंतर असते आणि मध्येच दहा-पंधरा मिनिटे काहीच होत नाही, त्यामुळे खडकाच्या कोरड्या टोकावर डबा उघडून बसलेल्या माणसाला ती गाठते. आकाश पाहून ती कळत नाही. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, लाटांची उंची आणि कालावधी यांचा अंदाज देते आणि अशा लाटांचे इशारे काढते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो. घरून निघण्याआधी दोन्ही पाहावेत.

खाडीच्या तोंडाशी तर हा धोका दुप्पट होतो. उधाणाची सुकती लागली की खाडीतले पाणी जोराने बाहेर पडते, आणि त्याच वेळी बाहेरून लांब लाट आत येत असेल तर रेतीच्या बांधावर दोन्ही एकमेकांवर आदळून लाटा आखूड आणि उभ्या होतात. आंजर्ल्यासारख्या, तोंडाशी रेती साचलेल्या खाड्यांत मच्छीमार भरतीची वाट पाहत बाहेर थांबतात ते यासाठी. वारा नाही, ऊन आहे, आणि तरी त्या पन्नास मीटरांत होडी उलटते.

राहिला पूर्वजांचा मुद्दा. माझे थोरले काका शाळेत चौथीच्या पुढे गेले नव्हते आणि पाऊणपट त्यांच्या तोंडावर होती. रात्री निजण्याआधी ते अंगणात उभे राहून समुद्राची गाज ऐकत आणि ती कोणत्या अंगाने येते आहे ते आम्हाला विचारत. पहाटे होडीत जाळी चढवून झाली तरी ते खाडीच्या तोंडाशी एका धोंड्यावर बसत, बिडीसुद्धा न ओढता, आणि रेतीच्या बांधावर फुटणाऱ्या लाटा मोजत. पाच लहान, दोन मोठ्या, मग किती वेळ शांत, हे दोन-तीनदा पाहिल्याशिवाय उठत नसत. एका माघ महिन्यात षष्ठी होती, साडेचारची भरती हिशेबाप्रमाणे आली होती, आकाशात ढग नव्हता आणि बरोबरचे दोघे घाई करत होते. काका जवळजवळ तासभर बसून राहिले, मग उठून म्हणाले, ‘‘आज नको, लाट लांबची हाय,’’ आणि आम्ही चौघांनी जाळी उतरवून होडी पुन्हा वर ओढली.