सोप्यातली शाळा

आमच्या घरात डी.एड. झालेली मी एकटीच. लग्नात त्या सर्टिफिकेटाचं पुष्कळ कौतुक झालं, मग ते ट्रंकेत साड्यांखाली गेलं आणि बारा वर्षं तिथंच राहिलं. २०२०च्या मार्चात शाळांना कुलूप लागलं. दोन महिने पोरांनी घर डोक्यावर घेतलं. जूनमध्ये एका दुपारी मामंजी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "धाकटीनं मास्तरकी शिकलीया न्हवं? मग घालू दे की शाळा सोप्यात." सोपा म्हणजे आमची पुढची ओसरी. माझ्या दोन्ही जावांनी लगेच माना डोलावल्या. आमटीत चिंच घालायची की आमसूल, यावरही ज्यांचं आजवर जमलेलं नाही, त्यांचं या बाबतीत एका क्षणात जमलं.

मुलं सात. थोरली दहावीत, धाकटी तीन वर्षांची, आणि मधे पायऱ्या मोडलेल्या जिन्यासारखी आठवी, सहावी, चौथी, तिसरी आणि पुन्हा तिसरी.

आमचं गाव बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीत. या भागात पोराला कुठल्या शाळेत घातलंय यावरून त्या वर्षी घरात कोणाचं चालत होतं ते कळतं. थोरल्या भाऊजींची दोघं, दहावी आणि आठवी, मराठी शाळेत. तेव्हा मामंजींचा शब्द शेवटचा होता. मधल्या भाऊजींना एका मुलाखतीत कन्नडवरून घाम फुटला होता, म्हणून त्यांची दोघं, सहावी आणि तिसरी, कन्नड शाळेत. आमची पाळी येईपर्यंत दोन्ही बाजूंचं इतकं ऐकून झालं होतं, की आम्ही सोनूला इंग्लिश मीडियममध्ये घातलं आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. चिमी तीन वर्षांची, ती अजून कुठल्याच पक्षात नव्हती. सातवा माझ्या नणंदेचा मुलगा. नणंद दिलीय महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, आमच्यापासून बारा किलोमीटरवर. पोरगं मार्चमध्ये दोन दिवसांसाठी आजोळी आलं आणि मागं सीमेवरचा शिनोळीचा नाका बंद झाला. अंतर बारा किलोमीटरच, पण ते परराज्य. अभ्यास बुडायला नको म्हणून नणंदेनं दुसरीचं दप्तर सोबत दिलं होतं. तिसरीत गेलं ते आमच्याच सोप्यात.

पहिल्या दिवशी मी फळा पुसला, खडू घेतला, सगळ्यांना उंचीप्रमाणं रांगेत बसवलं. कन्नड तिसरीतला बाळू उठून उभा राहिला. "काकू, असं नसतंय." त्याच्या सरकारी शाळेत नली-कली चालते. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातून निघालेली पद्धत. पहिली ते तिसरीची मुलं एकाच वर्गात, जमिनीवर गोल करून, चित्रांची कार्डं घेऊन, आपापल्या वेगानं शिकतात. आमच्या डी.एड.च्या पुस्तकात 'बहुवर्ग अध्यापन' म्हणून वीसेक पानं होती आणि ती परीक्षेला येत नाहीत असं आम्हाला सीनियर मुलींनी सांगितलं होतं. आठ वर्षांच्या पोरानं मला ती पानं तोंडी समजावून दिली, गट पाडले, आणि चिमीला 'मॉनिटर' केलं. तिनं पहिला हुकूम म्हणून खडू खाल्ला.

पाढ्यांनी सुरुवात करू या, म्हटलं. पाढे सगळ्यांना सारखेच. गणिताला कुठं भाषा असते, हे वाक्य ज्यानं कोणी म्हटलं त्याला आमच्या सोप्यात एक सकाळ बसवायला हवं. एका कोपऱ्यातून "बे एके बे, बे दुणे चार", दुसऱ्यातून "एरडोंदला एरडु, एरडेरडला नाल्कु", आणि खांबाला टेकून आमचा सोनू "टू वन्ज आर टू". तिन्ही पाढे तीन चालींत, आणि जो मागं पडेल तो आवाज चढवणार. दहाच्या पाढ्यापर्यंत गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

मग संख्यालेखन. मी म्हटलं, "पंचवीस लिहा." बाळूनं ५२ लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की मराठीत पाच आधी बोलायचे आणि वीस नंतर, मग लिहायचे उलटे कशाला? कन्नडमध्ये सरळ इप्पत्तैदु, म्हणजे वीस आणि पाच. सोनू म्हणाला, इंग्लिशमध्ये पण तसंच. मामंजी कट्ट्यावरून ऐकत होते. त्यांनी मराठीची बाजू सांभाळायला महाराष्ट्राच्या भाच्याला पुढं केलं, "सांग रे, तुमच्यात कसं म्हणतात?"

भाचा खणखणीत आवाजात म्हणाला, "वीस पाच."

महाराष्ट्रानं २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हीच रीत आणली होती, तिकडं त्यावरून गदारोळही झाला होता. ही बातमी आमच्या मामंजींपर्यंत पोचायला एक वर्ष आणि एक नातू लागला. १९५६च्या मार्चात मुंबई राज्यात सातवी फायनल पास झालेला माणूस तो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ला बेळगावचं बेळगावी झालं. एवढं सगळं त्यांनी कट्ट्यावर बसल्या जागी सोसलं. पण 'वीस पाच' ऐकल्यावर ते उठून आत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

सगळ्यांना एकच धडा देऊन बघावा, म्हणून एके दिवशी सामान्यज्ञान घेतलं. चित्रांचं पुस्तक उघडलं, चिमीला मांडीवर घेतलं. "आपला राज्यप्राणी कोणता?"

"शेकरू!" भाचा ओरडला.

"हत्ती!" आठवीतल्या दादूनं त्याला ढकललं. "तुझा शेकरू तिकडं शिनोळीच्या पलीकडं."

दोघंही बरोबर होते, हीच अडचण. पक्ष्यावरून पुन्हा तेच, एकाचा हरियल, दुसऱ्याचा नीलकंठ. मी निवाडा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाळूला हसू फुटलं. पोट धरून लोळायलाच लागला. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. हत्तीला तिकडं आने म्हणतात. म्हणजे कर्नाटकाचा राज्यप्राणी कापूस! भाच्याला तर मामाच्या घरची सत्ता उलथल्याचा आनंद झाला. "कापूस, कापूस" करत तो हत्तीच्या चित्राभोवती नाचला, मागून सगळी वरात. चिमी माझ्या मांडीवरून त्या चित्राकडं टक लावून बघत होती. तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

जुलैत दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर 'सेतुबंध' सुरू झालं. आठवी ते दहावीचे पाठ टीव्हीवर. मी मनात म्हटलं, सुटले, दोन तरी पोरं टीव्हीच्या गळ्यात. पण आम्ही लावले ते पाठ कन्नडमध्ये, आणि आमची आठवी-दहावी मराठीत. घरात असं शास्त्रीय कन्नड कळणारा माणूस एकच, तो म्हणजे सहावीतला पिंट्या. त्याची दुभाषी म्हणून नेमणूक झाली. दर पाठाला एक बेसनलाडू, भूमितीला दोन. पायथागोरस काय करतो हे त्याला ठाऊक नव्हतं, पण भाषांतर करताना ते आडवं येत नाही. "बाई म्हणूलाल्यात, विकर्णावरचा वर्ग म्हणजे बाकीच्या दोन बाजूंवरच्या वर्गांची बेरीज." थोरली म्हणाली, आमच्या पुस्तकात कर्ण आहे, विकर्ण नाही. तो म्हणाला, आमच्यात विकर्णच. महाभारतात हे दोघेही कौरवांच्याच बाजूनं लढले, म्हणून मी वाद वाढू दिला नाही. मात्र लाडवांचा डबा महिन्याच्या आत रिकामा झाला, आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो हिशेब माझ्या नावावर लिहिला.

सोनूचं ऑनलाइन होतं. घरात स्मार्टफोन एक, तोही रेंजसाठी माडीच्या पश्चिम खिडकीत दोरीनं टांगलेला. तिथून तो कधी कर्नाटकाचा टॉवर धरायचा, कधी महाराष्ट्राचा. सोनू खिडकीशी उभा राहून "येस मिस, प्रेझेंट मिस" म्हणायचा आणि खाली परड्यातनं भाजीला कढीपत्ता तोडणाऱ्या जाऊबाई दर वेळी "ओ" द्यायच्या. याबद्दल अधिक लिहीत नाही. सगळ्यांच्या घरी तेच झालं.

एव्हाना पोरांना खेळ सापडला होता. सगळी घरात मराठीच बोलतात, पण गुण उधळायला तीन भाषा मोकळ्या. सकाळी मी "ऊठ, ऊठ" म्हणून पांघरूण ओढावं, तर कन्नड शाळेचे दोघं उठून सरळ चुलीपाशी. ऊट म्हणजे जेवण. काकूनंच जेवायला हाक मारली म्हणून सांगायचे. "सुम्न कुंद्रु", म्हणजे गप्प बसा, असं मी पिंट्याकडून मुद्दाम शिकून घेतलं, तर भाचा बशी घेऊन समोर. त्याला वाटलं कुंदा वाटतायत. एकदा बाळू कन्नड शुद्धलेखन मोठ्यानं म्हणत होता, "नमगे हालु बेकु, नमगे हालु बेकु." आम्हाला दूध पाहिजे. मामंजींना एवढं कन्नड येत नाही असं नाही. पण त्यांनी सुपारी कातरत मान हलवली. "हाल पाहिजेत म्हणतोय होय? थोडं मोठं हो, बाबा. मागायला लागत नाहीत."

रोपलागणीच्या दिवसांत शाळा शेतात गेली, कारण मास्तरणीलाच लागणीला जायचं होतं. तिथं मामंजींनी ताबा घेतला. बांधावर छत्री धरून, शाळेचे दिपोटीसाहेब तपासणीला आल्यासारखे. चिखलात वाकलेल्या पोरांना वरून पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे जुने पाढे. "तीन औटं किती?" औट म्हणजे साडेतीन, हे आधी मलाच आठवावं लागलं. "साडेदहा!" असं चौथ्या दिवशी चक्क सोनू ओरडला. आठवडाभरात ही पोरं जेवढं तोंडी गणित शिकली तेवढं मी दोन महिन्यांत शिकवलं नव्हतं, हे सत्य आहे आणि ते मी घरात कबूल केलेलं नाही.

दसऱ्याला संप झाला. कन्नड आणि मराठी शाळेची पोरं म्हणाली, कर्नाटकात सुट्टी दसऱ्याला असते. दिली. सुट्टी संपते न संपते तोच भाचा दप्तर आवरून बसला. नाका कधीचाच उघडला होता, पण तो गेला नव्हता. "मामी, आमच्यात मोठी सुट्टी दिवाळीला." मग त्याला एकट्याला कशी द्यायची? दिवाळीचीही सगळ्यांना दिली. डिसेंबरात सोनूनं ख्रिसमसचा अर्ज टाकला, इंग्रजीत, खाली बाकीच्या सहा जणांच्या सह्या. चिमीचा अंगठा.

मुलींच्या मराठीचंही एक सांगते. आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" म्हणतात. थोरलीचा मराठी विषय १२५ गुणांचा होता, त्यामुळं मी तिला रोज बजावायची, "'मी जाते' लिहायचं." १ जानेवारी २०२१ला दहावीचे वर्ग उघडले. ती दहा महिन्यांनी गणवेश घालून, मास्क लावून निघाली. मी म्हटलं, नीट लिही गं, येते-जाते. ती म्हणाली, "होय काकू, जातो."

बाकीची एकेक करून गेली. भाचाही गेला. फळ्याची जागा मामंजींच्या खाटेनं घेतली. चिमीची अंगणवाडी सगळ्यांत शेवटी उघडली. पहिल्या दिवशी मी स्वतः घेऊन गेले, कारण घरच्या शाळेची ती एकमेव पूर्णवेळ विद्यार्थिनी. पहिल्या धड्यापासून मांडीवर बसून शिकलेली. अंगणवाडीच्या ताईंनी प्रेमानं जवळ घेतलं, भिंतीवरच्या मोठ्या हत्तीच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि तिला समजावं म्हणून मुद्दाम मराठीत विचारलं, "हे काय आहे बाळा?"

चिमी जराही अडखळली नाही. "कापूस."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "घरात कोण शिकवत होतं हिला?"

"आजोबा," मी म्हटलं.