बॉल बघा ना, ग्लोव्ह कशाला बघताय?

आज पोराच्या कॉलेजच्या बेसबॉल मॅचमध्ये अंपायरच्या एका निकालाने डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट लांबणार. बेसबॉल कळत नसेल तरी वाचा, एलबीडब्ल्यूवरून गल्लीत मारामाऱ्या केलेली माणसं आहात तुम्ही, तुम्हाला बरोबर कळेल.

होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या शेजारी जमिनीत बसवलेली पाटी, १७ इंच रुंद. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीपासून ते खांदा आणि पँटची वरची कड यांच्या मधोमधपर्यंत जो पट्टा (स्ट्राइक झोन) होतो त्याला बॉल नुसता चाटून गेला तरी स्ट्राइक, नाही तर निकाल ‘बॉल’, आपल्या वाइडसारखा. विषय संपला. कॅचरने (आपला विकेटकीपर समजा) तो पुढे कुठे पकडला याच्याशी नियमाला काही देणंघेणं नाही.

आणि आज काय झालं? शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेसवर आमचे रनर, काउंट तीन-दोन (तीन बॉल, दोन स्ट्राइक; आणखी एक बॉल तर बॅटरला फुकट फर्स्ट बेस आणि आम्हाला बरोबरीचा रन, एक स्ट्राइक तर आउट), बॅटिंगला आमचे चिरंजीव. एक रन मागे. पिच (म्हणजे टाकलेला बॉल) आली ती बाहेर, चांगली बाहेर, मी बॅकस्टॉपच्या जाळीमागेच होतो. पोराने बॅट टाकली आणि फर्स्ट बेसकडे निघाला सुद्धा. इकडे त्यांच्या कॅचरने ग्लोव्ह अलगद आत ओढून तस्साच धरून ठेवला, आणि मागून आवाज, स्ट्राइक थ्री!! मॅच खलास.

आता याला फ्रेमिंग म्हणतात आणि ही कला आहे म्हणे. कसली कला, अंपायरच्या डोळ्यांदेखत बॉलची जागा बदलायची आणि वर टाळ्या घ्यायच्या. गंमत म्हणजे आमचं पोरगं स्वतः कॅचर. एक गुडघा जमिनीवर टेकून, ते वजनदार छोटे बॉल भिंतीवर मारून मारून खालून वर उचलायची प्रॅक्टिस गॅरेजमध्ये रात्री दहापर्यंत चालते, बायको ओरडते. आणि त्याने असा स्ट्राइक चोरला की ‘गुड कॉल, ब्लू!’ (ब्लू म्हणजे अंपायर) म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मीच. बाप आहे, ओरडणारच. पण म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही ना.

त्यात पोरगं बॅटिंग डावखुरी करतं. डावखुऱ्यांविरुद्ध बाहेरचा दीड-दोन इंच जास्तीचा स्ट्राइक दिला जातो हे बेसबॉलमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्याला ‘लेफ्टी स्ट्राइक’ असं नावही आहे, आणि तरी वर्षानुवर्षं चाललंय. अंपायर कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभा राहतो, म्हणजे बाहेरची कड त्याच्या डोळ्यापासून सगळ्यात लांब. मग तो बघणार काय? ग्लोव्हच! काउंटप्रमाणेही झोन बदलतो. तीन बॉल-शून्य स्ट्राइक झालं की फुगतो, शून्य-दोन झालं की आक्रसतो. म्हणजे तोच बॉल, तीच जागा, आणि निकाल आधीच्या पिचेसवर.

आणि बोलायचं नाही हां. बॉल-स्ट्राइकवर वाद घातला तर कोचला आधी वॉर्निंग, मग बाहेर. बॅटने मातीत रेघ ओढून ‘इथून गेला’ दाखवलंत तर विचारूच नका. आमचा कोच आज डगआउटमधून (टीमच्या बाकावरून) एक पाऊल बाहेर आला, अंपायरने नुसता हात वर केला आणि तो परत जाऊन बसला. पोरगं बॅट उचलायला परत आलं तेव्हा खाली मान. कॉलेजमध्ये रिप्ले असतो तिथेही बॉल-स्ट्राइक त्यात येत नाही, आणि आमच्या डिव्हिजन थ्रीत, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत, कुठला रिप्ले आणि कुठलं काय. स्कॉलरशिपही नाही, पोरं हौसेने खेळतात.

बरं, मान्य, ताशी ८५ मैलांचा बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, दिवसभर ऑफिस करून आलेला माणूस सगळं संरक्षक सामान अंगावर चढवून अडीचशे-तीनशे वेळा वाकतो, कधी कधी मैदानात दोनच अंपायर. मला नाही जमणार. त्या माणसावर राग नाहीच, मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसून गुडघ्याला बर्फ लावत होता बिचारा.

पण मग मदत द्या ना त्याला! मेजर लीगने (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) २०२६ च्या सीझनपासून चॅलेंज आणलं, टीमला दोन, बॅटर-पिचर-कॅचर यांच्यापैकी कुणीही डोक्यावर टॅप करायचं, कॅमेरा सांगतो, काही सेकंदांत मामला साफ. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्यांना दाद मागता येते आणि एकोणीस वर्षांच्या पोराला नाही?

घरी येताना पोराला हे सगळं बोललो तर म्हणतो, बाबा, मशीन आलं तर माझ्या फ्रेमिंगचं काय? म्हटलं बेटा, थ्रो सुधार, सेकंड बेसवर तुझे बॉल दोन टप्पे खातात. तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी.

कॅमेरे आमच्यापर्यंत यायला दहा वर्षं लागतील, पैसे कोण देणार. तोवर निदान बॉल ग्लोव्हमध्ये गेल्यावर नजर तिथे खिळवू नका, प्लेटवरून कुठून गेला तेवढं सांगा. आणि पहिल्या इनिंगला जो झोन तोच शेवटच्या इनिंगला. रुंद द्यायचा तर रुंद द्या, पोरं बॅट फिरवतील.

‘पार्ट ऑफ द गेम’ वगैरे लिहिणाऱ्यांनी कृपया दुसरी भिंत शोधावी.