२ टक्के कॉस्टिकला मीटर ३.९ का दाखवतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट दोनदा वाचली आणि मगच लिहायला बसलोय. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचा एक मुद्दा माझ्या लेखातली खरी चूक दाखवणारा आहे आणि बाकीचे मला पटलेले नाहीत, आणि दोन्हींबद्दल मोघम बोलून चालणार नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या लेखात मी कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड) पाण्यात किती टक्के आहे ते रिफ्रॅक्टोमीटरने बघा असं लिहिलं होतं. सरांचं म्हणणं की हातातला डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर हे साखर मोजायचं यंत्र आहे, कॉस्टिकला ते वापरा म्हणणं म्हणजे दिशाभूल. त्यांनी स्वतः टायट्रेशन करून (म्हणजे मोजून ॲसिड घालत कॉस्टिक किती ते काढून) २ टक्के आलेल्या सोल्युशनवर ते लावून बघितलं तर ३.९ आलं. कॉस्टिकने प्रिझम (ज्यावर थेंब ठेवतात तो पारदर्शक भाग) खराब होणार, टाकीत काय काय मिसळलेलं असतं ते यंत्राला कळत नाही, आणि पटकनच बघायचं असेल तर पीएच मीटर काय वाईट, असं त्यांनी विचारलंय.

आधी त्या ३.९ बद्दल. सर, तुमचं यंत्र बिघडलेलं नाहीये, ते अगदी बरोबर बोलतंय, फक्त साखरेच्या भाषेत बोलतंय. त्याला कळतो तो अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्या थेंबात किती वाकतो एवढंच. शुद्ध पाण्याचा तो २० डिग्रीला १.३३३०, आणि २ टक्के कॉस्टिकचा साधारण १.३३८६. आता हाच १.३३८६ साखरेच्या पाण्यात यायला साखर लागते ३.९ टक्क्यांच्या आसपास, कारण तेवढ्याच वजनाचं कॉस्टिक साखरेपेक्षा प्रकाश जवळजवळ दुप्पट वाकवतं, आणि यंत्राचा ब्रिक्स स्केल (साखरेचे वजनाने टक्के) साखरेवरच बेतलेला असल्यामुळे यंत्र तुम्हाला ३.९ सांगून मोकळं होतं. मग दोनने भागलं की झालं का? तर नाही, इथेच बरेच जण फसतात. ३ टक्क्यांना रीडिंग येतं पावणेसहाच्या जवळ, ५ टक्क्यांना सव्वानऊ-साडेनऊ, आणि १० टक्क्यांना वीस नाही तर सतरा-साडेसतराच्या आसपास, म्हणजे हे गुणोत्तर वर जाताना घटत जातं. म्हणून मी लेखात स्वतःचा तक्ता करा असं म्हटलं होतं, पण ते एका ओळीत उरकलं, ते जास्त ठासून सांगायला हवं होतं.

तो तक्ता करताना एक गोष्ट कराच. फ्लेक्स (कॉस्टिकच्या कोरड्या चकत्या) वजन करून घातले म्हणजे तेवढे टक्के झाले असं धरून चालू नका, कारण फ्लेक्स हवेतला ओलावाही ओढतात आणि कार्बन डायऑक्साइडही, उघड्या पिशवीतले तर जास्तच. चार-पाच सोल्युशन करा, प्रत्येकाचं टायट्रेशन करा, मग तेच थेंब प्रिझमवर ठेवून रीडिंग घ्या आणि ग्राफ काढा. आणि टक्के वजनाला की लिटरला तेही तक्त्यावर लिहून ठेवा, कारण वजनाने १० टक्के म्हणजे लिटरला १०० नाही तर जवळपास १११ ग्रॅम, आणि दोन शिफ्टमधली दोन माणसं दोन वेगळे अर्थ धरून बसली की भांडण यंत्रावर येतं. तक्ता बनवायला टायट्रेशन लागतंच, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर टायट्रेशनच्या जागी आलाय असं मी कधीच म्हणणार नाही, तो टायट्रेशनच्या जिवावर चालतो.

आता तुमचा खरा मुद्दा, टाकीत काय मिसळलंय ते यंत्राला कळत नाही हा. शंभर टक्के मान्य, आणि लेखात मी तो लिहिला नाही ही माझी चूक. मी जिथे काम करायचो तिथे पार्ट धुवायची एक उघडी टाकी होती, ३ टक्क्यांवर ठेवलेली, ऑपरेटर रोज सकाळी रीडिंग घ्यायचा आणि वहीत लिहायचा. ५.७, ५.८, ५.८, ५.७, वही इतकी छान दिसायची की कोणी शंका घेतली नाही. पण पार्ट नीट निघेनात, तेलाचा पापुद्रा राहायला लागला, लोक टेंपरेचरवर संशय घेऊ लागले, मग वेळेवर. शेवटी टायट्रेशन केलं तर कॉस्टिक फक्त १.८ टक्के आणि कार्बोनेट १.६! म्हणजे चाळीस टक्के कॉस्टिक हवेने खाल्लेलं, आणि मीटर जागचा हललेला नाही.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ८० ग्रॅम कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड घेऊन १०६ ग्रॅम सोडियम कार्बोनेट बनवतं. ग्रॅमला ग्रॅम बघितलं तर कार्बोनेट प्रकाश थोडा कमी वाकवतं, पण ते वजनाने सव्वापटीपेक्षा जास्त तयार होतं, त्यामुळे वजाबाकी-बेरीज जवळजवळ शून्यावर येते. कॉस्टिक मरत जातं आणि रीडिंग तसंच राहतं. त्यात भर म्हणजे सुटलेली घाण, तेलाचा साबण, डेअरीच्या पाइपमधली प्रथिनं आणि साखर, हे सगळं रीडिंग वरच ढकलतं. माझ्या मते हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा धोका, कारण रीडिंग चुकीचं दिसतच नाही.

म्हणून जुन्या टाकीला फक्त मीटरवर सोडू नका. आणि सर, इथे तुमच्या टायट्रेशनबद्दलही विचारतो, तुम्ही एकच एंड पॉइंट (इंडिकेटरचा रंग बदलून ॲसिड घालणं थांबवायची जागा) घेता का? नुसतं फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरने थांबलं तर अर्धं कार्बोनेट कॉस्टिकमध्ये मोजलं जातं, नुसतं मिथाइल ऑरेंज या दुसऱ्या इंडिकेटरवर गेलं तर सगळंच. दोन्ही घ्यायचे, पहिल्यापर्यंत लागलेल्या ॲसिडला पी म्हणू, आणि दुसऱ्यापर्यंत सुरुवातीपासून लागलेल्या एकूण ॲसिडला एम, मग पी दुप्पट करून त्यातून एम वजा केला की उरतं ते खरं कॉस्टिक. हे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी केलं तर रोजच्या रीडिंगला अर्थ राहतो. ताजं सोल्युशन बनवताना, ड्रममधून आलेली लाय (कॉस्टिकचं तयार तीव्र सोल्युशन) तपासताना, किंवा पातळ करताना आपण कुठवर आलो ते बघताना मात्र मी आजही आधी रिफ्रॅक्टोमीटरच काढतो, तीन थेंबांत आणि मिनिटभरात काम होतं, हायड्रोमीटरला (तरंगवून घनता मोजायच्या नळीला) गरम कॉस्टिकचा अख्खा सिलिंडर भरावा लागतो.

पीएच मीटरचं मात्र अजिबात पटलं नाही. पीएच लॉगचा स्केल आहे, २ टक्क्यांचं ४ टक्के झालं तरी तो हलणार ०.३ ने, साधारण १३.७ वरून १४ कडे, आणि इतक्या वरच्या पीएचला काचेचा इलेक्ट्रोड सोडियममुळे मुळातच कमी दाखवतो. कॉस्टिक संपलंय का हे कळेल, किती आहे हे नाही.

प्रिझमचं निम्मं बरोबर. तीव्र आणि गरम अल्कली काच हळूहळू खाते, ॲल्युमिनियमला तर लगेच धरते आणि हायड्रोजन सुटतो, त्यामुळे थेंब ठेवायची वाटी ॲल्युमिनियमची असलेलं यंत्र कॉस्टिकला नकोच. स्टीलची वाटी आणि सफायर प्रिझम असेल तर उत्तम, यंत्राच्या पुस्तिकेत ते बघून घ्या. पण बहुतेक प्रिझम कॉस्टिक मोजल्याने जात नाहीत, ते न धुता ठेवल्याने जातात. थेंब सुकला की कडेला पांढरी रेघ दिसते, तीच पुढच्या रीडिंगमध्ये विरघळते आणि लोक म्हणतात मीटर जास्त दाखवतोय. रीडिंग झालं की लगेच पाण्याने धुवा, मऊ टिश्यूने टिपा, घासू नका, मग डिस्टिल्ड वॉटर ठेवून ०.० येतं का बघा. येत नसेल तर परत धुवा, धुतल्यावरही येत नसेल तर झीरो करा, आणि झीरो करूनही रीडिंग नाचत असेल तर प्रिझमला खरोखर काहीतरी झालंय.

टेंपरेचरचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतोच. यंत्रातली ऑटोमॅटिक दुरुस्ती साखरेच्या हिशोबाने केलेली असते, कॉस्टिकच्या नाही, आणि दुरुस्ती नसेल तर डिग्रीमागे ०.०७ ब्रिक्सच्या आसपास फरक पडतो. ७० डिग्रीच्या टाकीतला थेंब सरळ प्रिझमवर टाकला तर तो निवता निवता त्यातलं पाणी उडतं आणि रीडिंग वर चढत जाताना दिसतं. सॅम्पल बाटलीत घेऊन झाकण लावा, नळाखाली धरून रूम टेंपरेचरला आणा, मग थेंब टाका आणि अर्धा मिनिट थांबा. आणि गॉगल घालूनच, कारण हा छोटा आकडा वाचायला माणूस वाकतो तेव्हा त्याचे डोळे थेंबापासून वीतभरच लांब असतात.

कार्बोनेटचा भाग मी मूळ लेखात आज जोडतोय. तुमच्या त्या २ टक्क्यांच्या सोल्युशनचा पी आणि एम दोन्ही काढलात तर इथे नक्की लिहा. ते ताजं बनवलेलं असेल तर ३.९ जुळतंय, पण टाकीतलं असेल तर त्यातलं कॉस्टिक किती हे मला जाणून घ्यायचंय.