अस्वानची भेग

आज इजिप्तमधल्या अस्वानच्या खाणीत एक वाक्य कानावर पडलं आणि अजून डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय. समोर अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून काढायचा उंच टोकदार स्तंभ. बरोबरचे एक गृहस्थ फोटो काढता काढता म्हणाले, "हे माणसाचं काम नाहीच. वरून कोणीतरी आलं असणार." आणि तीन-चार माना डोलल्या!

अहो, समोर बघा की. वरून आलेल्यांचा दगड असा मधेच तडकला असता?

सुमारे 42 मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर. हातशेपसुत राणीच्या काळातला मानतात, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. बाजूचे चर खोदून झालेले, तळ अजून खडकाला चिकटलेला, आणि ग्रॅनाइटमध्ये भेग निघाली. सगळी मेहनत पाण्यात. तरी त्यांनी लगेच हात टेकले नाहीत. भेग चुकवून लहान ओबेलिस्क निघतो का, तेही आखून पाहिलं. कापड चुकीचं कातरलं गेलं की शिंपी हेच करतो.

तांब्याची छिन्नी ग्रॅनाइटला दाद देत नाही. म्हणून डोलेराइट या चिवट काळ्या दगडाचे गोटे, पाच-सहा किलोचे. दोन्ही हातांनी उचलायचे आणि आपटायचे. दगड कापायचा नाही, कुटायचा. चर जेमतेम पाऊण मीटर रुंद. त्यात माणूस उकिडवा बसणार, आपटणार, भुगा सारणार, परत आपटणार. 1922 साली पुरातत्त्वज्ञ रेजिनाल्ड एंगलबाख यांनी इथेच तासभर गोटा चालवून पाहिला, तर फूटभर चौरसात सुमारे 5 मिलिमीटर दगड उतरला. पाच मिलिमीटर! चरांत ओळीने जे खोलगट वाफे दिसतात, ती एकेकाची वाटून दिलेली जागा. भिंतीवर गेरूच्या रेघा आहेत, चरात मापाची काठी उभी करून कोणाचं काम किती खाली गेलं ते नोंदलेलं. परग्रहवासीयांना मुकादम कशाला लागतो?

(लाकडी पाचर ठोकून पाणी ओतलं, लाकूड फुगलं, दगड फुटला, ही कथाही आज ऐकली. खाणीत दिसणाऱ्या पाचरींच्या खाचा बहुतेक फार नंतरच्या, लोखंड आल्यावरच्या आहेत.)

"पण ते गुळगुळीत काप?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तांब्याची बिनदाती पात घ्या, खाली वाळू टाका आणि घासत राहा. कापते ती वाळूतली गारगोटी, तांबं तिला फक्त दाबून फिरवतं आणि स्वतः झिजत जातं. आणि एवढं ओढलं कसं? जेहुतिहोतेप या प्राचीन इजिप्शियन प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र बघा. घसरगाडीवर भला मोठा पुतळा, दोरांना 172 माणसं, आणि गाडीच्या पुढ्यात एक जण वाळूवर पाणी ओततोय. बरेच जण याला धार्मिक विधी समजत राहिले. 2014 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी करून पाहिलं. कोरडी वाळू गाडीपुढे ढीग होऊन अडवते. बेताची ओल असली की ओढायला निम्मा जोर पुरतो. पाणी जास्त झालं की वाळू परत ढिली. म्हणजे ओतणाऱ्याचा हात बसलेला हवा.

मान्य, हे काही सगळे हौसेने आले नव्हते. वेठ होतीच. म्हणून तर जास्त चीड येते. आधी राजाने राबवून घेतलं, आता आपण श्रेयही काढून घेतोय.

देइर अल-मदिनाच्या, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची एक हजेरी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाची, चुनखडीच्या कपच्यावर. याला विंचू चावला, त्याचे डोळे दुखतायत, कोणी आईच्या अंत्यविधीत अडकलाय, कोणी घरी बिअर गाळतोय. वाचताना हसू येतं आणि मग घशाशी काहीतरी दाटतं. याच वस्तीने रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, शिधा थकला म्हणून, काम सोडून देवळामागे ठिय्या मांडला होता. भूक लागलीय म्हणाले. पपायरसवर लिहून ठेवलंय.

त्या गृहस्थांवर मघाशी जरा जास्तच चिडले असेन. एवढा दगड बघून डोकं गरगरतं, खरंय.

उद्या अबू सिंबेल. ते देऊळ धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून 1964 ते 1968 मध्ये माणसांनी कापून, सुमारे 65 मीटर उंच नेऊन पुन्हा जोडलं. त्याचे फोटो आहेत, क्रेनसकट. गृहस्थ आमच्याच गाडीत आहेत. बघू काय म्हणतात.