गॅरेजच्या डाव्या भिंतीवरच्या सात युनिसायकली

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या जुन्या बंगल्याला गाडीसाठी बांधलेले एक गॅरेज आहे. ते दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे, आणि त्यात सध्या एक मोटार आणि सात युनिसायकली, म्हणजे एकचाकी सायकली, एकत्र नांदतात. घरी येणारे बहुतेक जण हे पाहून एकच सल्ला देतात की या सायकली माळ्यावर टाका आणि गॅरेज मोकळे करा. आम्ही तो सल्ला एकदा मानला होता आणि त्याची किंमतही मोजली. घरातली जी वस्तू रोज वापरली जावी असे आपल्याला वाटते, ती घरातल्या सर्वांत लहान माणसाला स्वतःच्या हाताने काढता आणि ठेवता आली पाहिजे, असे माझे त्यानंतर ठाम मत झाले आहे. आमच्या सायकलींपुरते हे मत मी पुढे सविस्तर मांडते.

हा संग्रह जमला कसा, ते आधी सांगते. माझे पती बारा वर्षांपूर्वी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी जपानला गेले होते. तिथल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांत युनिसायकली ठेवलेल्या असतात आणि मधल्या सुट्टीत मुले-मुली त्या सहज चालवतात. ते पाहून त्यांनी येताना वीस इंची चाकाची एक सायकल बरोबर आणली. पुढे मुलांसाठी सोळा इंची आली, मुलगी वाढली तशी दुसरी वीस इंची आली, मग चोवीस, मग पांडवलेण्याच्या बाजूच्या कच्च्या वाटांसाठी जाड टायरची सव्वीस इंची, लांबच्या रस्त्यासाठी छत्तीस इंची, आणि शेवटी साखळीवर चालणारी पाच फुटी उंच सायकल, जिला सगळे ‘जिराफ’ म्हणतात.

एका घरात सात कशाला, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. साध्या युनिसायकलला गिअर नसतात आणि साखळीही नसते. क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना बसवतात ते दोन दांडे, थेट चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, जोडलेले असतात, त्यामुळे पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वीस इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर पुढे जाते आणि छत्तीस इंची चाक सुमारे २.९ मीटर. वीस इंचीवर सोमेश्वरपर्यंत जायचे म्हटले तर पाय भिरभिरून थकतात, आणि छत्तीस इंचीवर नवख्याला चढताही येत नाही. दुचाकी सायकलवर जे काम गिअर करतात, ते इथे चाकाचा आकार करतो. म्हणून ज्या घरात चार माणसे चालवणारी आहेत आणि त्यांतली दोन अजून वाढत्या वयाची आहेत, तिथे सायकलींची संख्या आपोआप वाढते. त्यात हौस आहे हे खरे, पण उधळपट्टी नाही.

आपल्याकडे एकचाकी म्हटले की सर्कसच आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात तंबूतल्या कसरतींना मोठे स्थान आहे. त्या कलेविषयी मला आदरच वाटतो. मात्र सर्कशीची वस्तू घरात कशाला, असे म्हणून या सायकलींना अडगळीत ढकलले जाते, तेव्हा वाईट वाटते. हे नाशिक आहे. याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडण्याची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि त्यानंतर इथल्या कितीतरी घरांत महागड्या सायकली दिवाणखान्याच्या भिंतीवर मानाने टांगलेल्या दिसू लागल्या. त्या मानातला थोडासा वाटा एका चाकालाही मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता माळ्याची हकीकत. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात नवी मोटार घरी आली. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांचे म्हणणे होते की गॅरेज गाडीसाठी बांधले आहे आणि गाडीला एक ओरखडाही येता कामा नये. “सूनबाई, मुलांना हव्या असतील तेव्हा काढून देऊ की,” असे ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती आणि आम्हीही मान डोलावली. जिराफ जिन्याखाली गेली आणि बाकीच्या सहा सायकली स्टोअररूमच्या माळ्यावर चढल्या. माळ्याची उंची कमी पडत होती, म्हणून सगळ्यांच्या सीट दांडीसकट काढून एका गोणीत भरून ठेवल्या.

तोपर्यंत माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून, शटर उचलून, अर्धा तास गल्लीत चालवूनच चहा-पोळी खायला यायची. माळ्यावर सायकली गेल्यावर तिने पहिल्या आठवड्यात दोनदा शिडी लावून मागितली. वडील घरी नव्हते, मला स्वयंपाकघरातून हलता येत नव्हते आणि अण्णांना शिडीवर चढू देणे शक्य नव्हते. मग तिने मागणे सोडले. जून ते जानेवारी या आठ महिन्यांत एकही सायकल खाली आली नाही. तिने हट्ट केला नाही, तक्रारही केली नाही, आणि म्हणूनच आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आले नाही. ती गोष्ट मला अजूनही सलते.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घाईघाईने दोन वीस इंची खाली काढल्या, सीट बसवल्या, हवा भरली आणि गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलो. दहा-पंधरा मिनिटांतच मुलीचे एक पेडल निखळले आणि ती उजव्या हातावर पडली. हाड मोडले नव्हते, पण मनगट सुजले आणि पंधरा दिवस पट्टी बांधून राहावे लागले. पेडल निखळले ते खराब होते म्हणून नव्हे. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, ते अशासाठी की पुढे चालवताना ते सैल होऊ नये. युनिसायकलची फ्रेम पुढून-मागून सारखीच दिसते, आणि आम्ही सीट उलट्या तोंडाने बसवली होती. त्यामुळे डावे पेडल उजव्या पायाखाली आणि उजवे डाव्या पायाखाली आले, आणि ती जसजशी चालवत गेली तसतसे ते एकेक आटा बाहेर येत गेले. शेवटी अॅल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे ओरबाडून ते सुटले. क्रँक टाकूनच द्यावा लागला. सीट काढून ठेवण्याची वेळच आली नसती, तर हे घडलेच नसते. आता प्रत्येक सायकलच्या डाव्या क्रँकला आम्ही लाल टेप गुंडाळली आहे, आणि सीटवर बसण्याआधी लाल रंग डाव्या पायाशी आहे ना, हे पाहण्याची मुलांना सवय लावली आहे.

त्या आठवड्यातच सायकली परत गॅरेजमध्ये आणायच्या हे ठरले. अडचण अशी की युनिसायकल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिला स्टँड नसतो. भिंतीला टेकवली तर चाक हळूहळू सरकते आणि ती घसरून सीटवर आपटते, म्हणून सीटच्या पुढच्या-मागच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधी फुटतात. जमिनीवर आडव्या टाकून एकीवर एक रचल्या तर एकीची पेडले दुसरीच्या आऱ्यांत अडकतात. चाकाच्या रिममध्ये हुक घालून उलटी टांगता येते, पण मग ती काढायला मोठा माणूस लागतो, आणि आम्ही तर माळ्यावरून नुकतेच उतरलो होतो.

उपाय सापडला तो पिंपळगाव बसवंतला, माझ्या मामांच्या द्राक्षबागेत. जुनी बाग काढल्यावर मांडवाचे लोखंडी अँगल बांधावर पडून होते. “ने की, भंगारातच जायचेत,” असे मामा म्हणाले. ते अँगल सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घेतले आणि गॅरेजच्या डाव्या भिंतीवर उभे ठोकून, त्यांना एकेक इंचाच्या अंतराने भोके पाडून घेतली. प्रत्येक सायकलसाठी १२ मिलिमीटरच्या दोन सळया, अकरा इंच लांब, टोकाशी किंचित वर वळवलेल्या, एकमेकींपासून दोन इंचांवर बसवल्या. सीटची दांडी या दोन सळयांच्या मधून आत जाते आणि सीट वर टेकते, जणू फडताळाच्या खाचेत झारा अडकवावा तशी. सळयांवर ठिबकच्या नळीचे तुकडे चढवले आहेत, त्यामुळे सीटचा तळ घासला जात नाही.

यातले खरे मर्म उंचीत आहे. सळया अशा उंचीवर लावल्या आहेत की सायकल टांगल्यावर तिचे चाक जमिनीपासून जेमतेम दोन इंच वर राहते. म्हणजे मुलाला ती डोक्यावर उचलायची नाही, दोन इंच उचलून बाहेर ओढायची आहे. त्या वेळी सात वर्षांच्या असलेल्या माझ्या मुलाने पहिल्याच दिवशी सोळा इंची स्वतः काढली आणि संध्याकाळी स्वतः ठेवली. चाक जमिनीला टेकत नसल्याने पावसाळ्यात शटरखालून आलेले पाणी आणि फरशीची ओल टायरला लागत नाही, आणि हवा कमी झाली तरी टायर एकाच जागी दबून राहत नाही. चाके भिंतीला समांतर ठेवली आहेत, म्हणून शेजारच्या सायकलींची पेडले एकमेकींत अडकत नाहीत. सहा सायकलींना मिळून तेरा फूट भिंत पुरली, आणि उरलेल्या कोपऱ्यात जिराफ पट्ट्याने बांधून उभी केली. पेडलांसकट सगळे मिळून भिंतीपासून दीड फुटाच्या आत बसते. मोटारीची रुंदी साडेपाच फुटांच्या थोडी वर आहे, त्यामुळे चालकाच्या बाजूला दार उघडायला पावणेतीन फूट उरतात. डावीकडे बसणारे लोक बाहेरच उतरतात. अण्णांची ओरखड्याची काळजी रास्त होती, म्हणून गाडीच्या बाजूच्या प्रत्येक पेडलवर जुन्या जीन्सच्या कापडाची पिशवी चढवलेली असते.

गॅरेजमध्ये ठेवायचे म्हणजे काळजी नको, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या गॅरेजचे शटर पश्चिमेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर त्याच्या फटींतून ऊन थेट आत येते. छत्तीस इंचीच्या टायरच्या कडेला बारीक चिरा पडल्या त्या त्याच उन्हाने, म्हणून आता तिथे गोणपाट लावलेले असते. सुरुवातीला चोवीस इंची आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी टांगली होती. चार महिन्यांत तिच्या चकचकीत क्रँकवर मिरीएवढे गंजाचे ठिपके उठले आणि बोट फिरवले तर खरखरीत लागू लागले. चार्जिंगच्या वेळी अशा बॅटरीतून वायू बाहेर पडतो आणि त्याबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषारही येतात. त्यांच्याजवळ लोखंड टिकत नाही. बॅटरी आता मागच्या व्हरांड्यात गेली आहे. सीटमधला फोम उंदरांना फार आवडतो आणि श्रावणात सीटच्या कापडावर बुरशी धरते, पण वस्तू रोज हाताखालून जात असेल तर या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच दिवशी लक्षात येतात. माळ्यावर त्या आठ महिन्यांनी लक्षात आल्या होत्या.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही सगळ्या सीटच्या दांड्या बाहेर काढून पुसतो आणि ग्रीस लावून परत बसवतो. दांडी अॅल्युमिनियमची आणि फ्रेम लोखंडाची असेल तर ओलीने ती आतच धरून बसते आणि मग कुणाच्या बापाला हलत नाही. पान्हे, सुटी पेडले, ट्यूब आणि पंप यांच्यासाठी द्राक्षांचे दोन क्रेट खाली ठेवले आहेत. जाळीदार असल्याने त्यांत ओल साठत नाही आणि काय कुठे आहे ते दिसते.

विकून टाका, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. ज्या घरात कुणीच चालवत नाही, तिथे विकाव्यात किंवा चालवणाऱ्याला द्याव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. माझी नणंद पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅटमध्ये राहते, तिच्या पार्किंगमध्ये असे काही ठोकायला परवानगी नाही, म्हणून तिने एकच वीस इंची ठेवली आहे, आणि तीही दाराआडच्या दोन सळयांवर. जागा किती आहे याला मी फारसे महत्त्व देत नाही. सायकल आणि ती चालवणारे मूल यांच्यामध्ये शिडी, कुलूप किंवा मोठ्या माणसाची सवड उभी आहे का, हे मी आधी पाहते.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि वीस इंची चालवतो. सोळा इंची शेजारची सात वर्षांची मुलगी वापरते. ती संध्याकाळी पाचच्या सुमारास बाजूच्या छोट्या दाराने आत येते, सायकल काढते आणि आमच्या फाटकाचा गज धरून सराव करते. तिच्या उंचीसाठी सीट खाली घेतली, तेव्हा सायकल आखूड झाली आणि सळयांवर टांगल्यावर चाक पुन्हा वर गेले, त्यामुळे तिला ठेवताना टाचा उचलाव्या लागत होत्या. परवा माझ्या मुलीने पान्हा घेऊन त्या दोन सळया अँगलच्या तीन भोके खाली बसवल्या. छत्तीस इंचीचा चिरा पडलेला टायर अजून बदलायचा आहे, ते काम जूनच्या आत व्हायला हवे.