अठरा मेगापिक्सेल आणि एक अ‍ॅडॉप्टर : डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यातला एक मुद्दा बरोबर आहे आणि तो मी मूळ लेखातच लिहायला हवा होता. त्याकडे येतो, पण जरा दमाने.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: ट्रायनॉक्युलर मायक्रोस्कोपला (दोन नळ्या डोळ्यांना, तिसरी कॅमेऱ्याला) कॅमेरा घेताना ५ मेगापिक्सेलचा पण मोठ्या सेन्सरचा घ्या आणि त्याला जुळणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर (कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडणाऱ्या भिंगाच्या नळीवर) पैसे खर्च करा, असं मी म्हटलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं असं की हा सल्ला दहा वर्षं शिळा आहे, त्यांनी त्याच पैशात १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, ०.५ एक्सचा (चित्र निम्म्यावर आणणारा) अ‍ॅडॉप्टर लावणं म्हणजे विकत घेतलेलं मॅग्निफिकेशन अर्धं गटारात सोडणं. हल्ली मोबाइलसुद्धा २०० मेगापिक्सेलचा येतो. आणि मी एकाही मॉडेलचं नाव देत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

पाणी मुरत नाहीये. नावं देत नाही, कारण आतला कॅमेरा एकच आणि वरचे स्टिकर चार, असा हा बाजार आहे. आज दिलेलं मॉडेल दिवाळीपर्यंत कॅटलॉगमधून गायब झालेलं असतं. कमिशन खायचं असतं तर मी १८ मेगापिक्सेलवाल्यांकडून खाल्लं असतं, तिथे जास्त सुटतं.

खरी मेख तुलनात्मक तक्त्यात आहे. तुमचा दवाखाना स्वतःचा आहे, पण कॉलेजात काम करणाऱ्यांची या तक्त्यातून सुटका नसते. तीन कोटेशनं येतात, हेडक्लार्क रकाने आखतो: किंमत, वॉरंटी, मेगापिक्सेल. सेन्सरचा आकार, पिक्सेलचा आकार, सोबत कुठला अ‍ॅडॉप्टर, यांना रकानाच नसतो. मग १८ हा आकडा ५ पेक्षा मोठा आहे हे कळायला मायक्रोस्कोपी यावी लागत नाही. अशाच एका तक्त्यावर मी स्वतः सही केली आहे. त्यातून आलेला कॅमेरा आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) नळीत, म्हणजे २३.२ मिमीच्या भोकात, घालायचा होता. ४० एक्सवर बघितलं तर डोळ्याला अख्खं फील्ड (दिसणारं गोल क्षेत्र) आणि स्क्रीनवर त्याच्या मधला टीचभर तुकडा. पोरं विचारायची, "सर, तुम्ही दाखवताय ती पेशी कुठंय?" पेशी स्क्रीनच्या बाहेर असायची.

आता तुमच्याच सामानाकडे येऊ. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर भांडण हवेत होतं. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) ४०/०.६५, आयपीसचा फील्ड नंबर (त्यातल्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) १८, कॅमेरा १/२.३ इंची, ४९१२ गुणिले ३६८४, पिक्सेल १.२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), अ‍ॅडॉप्टर १ एक्स.

४०/०.६५ मधलं ४० आपण सगळे वाचतो. कॅमेऱ्याचं नशीब ठरतं ते ०.६५ वर, म्हणजे न्यूमरिकल अपर्चरवर; भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचा तो आकडा. जर्मनीत येना इथे झाइसबरोबर काम करणाऱ्या अर्न्स्ट आबेंनी १८७३ साली हे मांडलं: भिंग कितीही मोठं करून दाखवो, दोन ठिपके वेगळे दिसण्याला प्रकाशाच्या तरंगलांबीची आणि या अपर्चरची मर्यादा आहे. भौतिकशास्त्रज्ञ रेलेंच्या सूत्राने (०.६१ गुणिले तरंगलांबी, भागिले अपर्चर) हिरव्या प्रकाशासाठी, ०.५५ मायक्रॉन धरून, तुमच्या ऑब्जेक्टिव्हचं उत्तर येतं सुमारे ०.५२ मायक्रॉन. त्याहून जवळचे दोन ठिपके एकच डाग होऊन येतात. कॅमेरा बदलून हे बदलत नाही.

हे ०.५२ मायक्रॉन ४० पट होऊन सेन्सरवर पडतात तेव्हा साधारण २०.६ मायक्रॉन होतात. त्यात दोन ठिपके वेगळे नोंदवायला किमान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे १० मायक्रॉनचा पिक्सेलसुद्धा कागदावर चालतो. तुमच्याकडे तेवढ्याच जागेत १६ पिक्सेल बसलेत. सोळा जण मिळून एकच डाग मोजताहेत! फाइल मोठी होते, स्लाइडवरची माहिती तेवढीच राहते. शिवाय १.२५ मायक्रॉनच्या पिक्सेलचं क्षेत्रफळ ३.४५ मायक्रॉनवाल्याच्या (मी म्हणतो तसल्या ५ मेगापिक्सेलच्या मोठ्या सेन्सरवरच्या पिक्सेलच्या) साडेसातव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला प्रकाशही तेवढाच कमी. फिकट रंगलेल्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) जी रवाळ खरखर दिसते ती बरीचशी इथून येते. पिक्सेल एकत्र करून ती घालवता येते, मान्य. पण मग अठरातले उरले किती?

आता ०.५ एक्स. तुम्ही म्हणता त्याने मॅग्निफिकेशन वाया जातं. सेन्सर किती मोठा आहे ते बघा: साधारण ६.१ गुणिले ४.६ मिमी. (१/२.३ इंच म्हणजे ११ मिमी असं वाटतं ना? नसतं. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. चित्र त्याच्या दोनतृतीयांशातच बसायचं. नळ्या गेल्या, माप राहिलं.) आयपीसमध्ये तुम्हाला १८ मिमी व्यासाचं वर्तुळ दिसतं. त्यातला ६.१ गुणिले ४.६ चा तुकडा म्हणजे फील्डचा जेमतेम नववा हिस्सा. आठ हिस्से तुम्ही डोळ्याने बघता आणि कॅमेऱ्याला दाखवतच नाही. ०.५ एक्सने तोच तुकडा १२.३ गुणिले ९.२ चा होतो, म्हणजे चौपट. आणि २०.६ चे १०.३ मायक्रॉन झाले तरी त्यात तुमचे आठ पिक्सेल बसतात. तपशील तसूभर गेला नाही, फील्ड चौपट मिळालं.

याचा ठोकताळा सोपा आहे. सेन्सरचा कर्ण भागिले अ‍ॅडॉप्टरचा आकडा. उत्तर फील्ड नंबरच्या जवळ, पण त्याच्या आत राहिलं पाहिजे. २/३ इंचीचा कर्ण ११ मिमी: ०.६३ ने भागला तर १७.५, छान. त्यालाच ०.५ लावला तर २२, आणि १८ च्या मायक्रोस्कोपवर चारही कोपरे काळे. तुमचा कर्ण ७.७: ०.५ ने १५.४, ठीक.

आता तुमचा बरोबर मुद्दा. मी सरसकट "५ पुरतात" लिहिलं, ते ४० आणि १०० एक्ससाठी खरं आहे. १०० एक्स ऑइलला (अपर्चर १.२५) तर आणखी कमी लागतात. पण १० एक्सवर ते अपुरं आहे, आणि हे मी लिहायला विसरलो नव्हतो, मला तेव्हा नीट उमगलंच नव्हतं. १० एक्सचं अपर्चर ०.२५ असतं. १० वरून ४० वर जाताना मॅग्निफिकेशन चौपट होतं, अपर्चर मात्र २.६ पटच वाढतं. त्यामुळे सेन्सरवर पडणारा सगळ्यात बारीक तपशील १० एक्सला ४० एक्सपेक्षा बारीक असतो: २०.६ ऐवजी १३.४ मायक्रॉन. आणि दिसणारं फील्ड चौपट रुंद. अख्खं १.८ मिमीचं वर्तुळ टिपायचं तर आडवे जवळपास २७०० पिक्सेल, तेवढेच उभे, म्हणजे सात मेगापिक्सेलच्या वर. त्यात प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग बघतो आणि बाकीचे शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी थोडे हवेत. बायोप्सीचा आढावा घेणारे, खोडाचे छेद दाखवणारे, यांना जास्त मेगापिक्सेलचा खरा फायदा आहे. मूळ लेखात ही दुरुस्ती आज घातली आहे.

गंमत बघा: तुमच्या कॅमेऱ्याची ही ताकद वापरात यायची तर त्याला ०.५ एक्सचाच अ‍ॅडॉप्टर लागतो. १ एक्सने १० एक्सचं फील्डही नवव्या हिश्श्यावर येतं आणि अठरापैकी बहुतेक मेगापिक्सेल रिकामे बसून राहतात. कॅमेरा वाईट नाही हो तुमचा. गळ्यात १ एक्सचं चुकीचं लोढणं आहे.

मोबाइलबद्दल. मी स्वतः आयपीसला मोबाइल टेकवून फोटो काढतो आणि सीनियरांना व्हॉट्सअ‍ॅप करतो; रात्री साडेनऊला संशयास्पद रिंग फॉर्म (मलेरियाच्या परजीवीचं अंगठीसारखं रूप) दिसली तर दुसरं काय करणार? पण २०० मेगापिक्सेलवाले मोबाइल एरवी सोळा पिक्सेलांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि तोही सजवून. कडा टोकदार करतात. एकदा एका विद्यार्थिनीने रिपोर्टच्या वहीत लाल पेशींभोवती पांढरी कड असल्याचं इमानदारीत लिहिलं होतं. स्लाइड लावून बघितली तर कड नव्हती. ती मोबाइलने काढलेली होती. मत विचारायला मोबाइल चालेल. मोजमापाला आणि नोंदीला मला तो नको.

मोजमापाचं निघालंच आहे तर एक सांगतो, कारण १८ मेगापिक्सेलवाल्यांना हे हमखास नडतं. अशा कॅमेऱ्यात बहुधा दोनतीन रिझोल्यूशन असतात. स्टेज मायक्रोमीटर (१ मिमीचे शंभर भाग, एक घर १० मायक्रॉन) लावून कॅलिब्रेशन पूर्ण रिझोल्यूशनवर होतं, आणि मग चित्र अडकत अडकत येतं म्हणून कोणीतरी रिझोल्यूशन अर्ध्यावर आणतं. सॉफ्टवेअरला ते कळलं नाही तर सगळी मापं निम्मी. आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये महिनाभर असं चाललं. पकडलं कसं, तर एका फोटोत लाल पेशी ३.६ मायक्रॉनची निघाली. लाल पेशी साडेतीन मायक्रॉनची नसते, सात ते आठच्या दरम्यान असते. स्मिअरमध्ये ही पट्टी आयती असते. परागकणांवर काम करणाऱ्यांकडे तीही नसते. प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह, प्रत्येक रिझोल्यूशन, वेगळं कॅलिब्रेशन. इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पाच मिनिटांत होतं.

चित्र अडकत येण्याचंही तसंच. यूएसबी २ वर सेकंदाला प्रत्यक्षात चाळीसेक मेगाबाइट जातात. १८ मेगापिक्सेलचं एक चित्र सुमारे १८ मेगाबाइटचं, म्हणजे सेकंदाला दोन. स्क्रीनकडे बघून फाइन फोकसची चकती फिरवणारा पोरगा चित्र येईपर्यंत अर्धा सेकंद पुढे गेलेला असतो. चित्र दिसलं की उलटा फिरवतो, पुन्हा पुढे जातो. १०० एक्सवर अशा पळापळीत आमच्या दोन स्लाइडी तडकल्या आणि ऑब्जेक्टिव्हच्या पुढच्या भिंगाला ओरखडा आला. तुमचा यूएसबी ३ असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण केबल आणि कॉम्प्युटरमागचं पोर्टही ३ आहे का, ते वाकून बघा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. ४० एक्सवर, आत्ताच्या १ एक्स अ‍ॅडॉप्टरनेच, पूर्ण १८ मेगापिक्सेलचा एक फोटो टिफमध्ये काढा. त्याची प्रत पाव आकाराला आणा, १२२८ गुणिले ९२१, म्हणजे सव्वा मेगापिक्सेलसुद्धा नाही. ती पुन्हा चौपट करा आणि मूळ फोटोशेजारी ठेवा. कंपाउंडरला सांगून नावं बदलून घ्या, म्हणजे कुठला कुठला ते तुम्हालाही कळणार नाही. ओळखता आला तर इथे लिहा. मी लेखाच्या वर, पहिल्या ओळीत, तुमचं म्हणणं टाकतो. मग कोणाकडून तरी ०.५ एक्स उसना आणून तोच प्रयोग १० एक्सवर करा. तिथे फरक दिसेल असं माझं गणित सांगतं.

अ‍ॅडॉप्टर विकतच घेणार असाल तर फोकस जुळवायची रिंग असलेला घ्या. ती नसली की आयपीसमध्ये चित्र लख्ख आणि स्क्रीनवर धूसर, आणि दोष कॅमेऱ्याला जातो. शिवाय तुमच्या ट्रायनॉक्युलर नळीचा आतला व्यास कॅलिपरने मोजून न्या. दुकानदार "सगळ्यांना बसतो" म्हणतो. अंबाल्यात बनलेल्या दोन मायक्रोस्कोपना माझ्याकडे तो बसला नव्हता.