तेजपूरची चौथी कोर आणि मामांचं एक्सचेंज

२०२० च्या जूनमध्ये टीव्हीवर रोज एकच वाक्य आदळत होतं, ‘कोर कमांडर पातळीवरची चर्चा’. ६ जूनला लेहच्या १४व्या कोरचे कमांडर लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग लडाखच्या सरहद्दीवर चुशूल-मोल्डोला चिनी अधिकाऱ्यांसमोर बसले आणि हा शब्द घराघरांत पोचला. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने विचारलं, “ही आपल्या पक्षाच्या कोर कमिटीसारखीच कोर का?” मी हसलो, उत्तर टाइप करायला घेतलं आणि अडकलो. चार ओळींत मावेना. तेव्हा राहिलं ते आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

माझे थोरले मामा सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या फोन-वायरलेसच्या खात्यात होते, नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले. १९६७ ते १९७२ त्यांची नोकरी चौथ्या कोरच्या मुख्यालयाच्या सिग्नल रेजिमेंटमध्ये, म्हणजे आसामात तेजपूरला. गावी सुट्टीवर आले की पारावर लोक विचारायचे, “आबा, तुमची बंदूक कुठली?” मामा म्हणायचे, “माझं एक्सचेंज आहे, टेलिफोनचं.” लोकांचा हिरमोड व्हायचा. माझाही व्हायचा. एक्सचेंज ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. लष्करात कोर दोन प्रकारची. सिग्नल्स, इंजिनिअर्स यांनाही कोर म्हणतात, पण ती खाती. दुसरी कोर म्हणजे लढणाऱ्या फौजेची रचना. पलटणीत साधारण आठशे माणसं, तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन, आणि दोन-तीन डिव्हिजन मिळून कोर. माणसं पन्नास हजारांच्या पुढे जातात. वर लेफ्टनंट जनरल, त्याच्या वर पुण्यासारखी एखादी कमांड, आणि तिच्या वर थेट दिल्ली. आज देशात अशा चौदा कोर आहेत. त्यांचे नंबर मात्र सलग नाहीत, सतरानंतर एकदम एकवीस आणि त्यानंतर थेट तेहेतीस. कारणं जुनी आहेत, त्यात शिरत नाही.

हे मुख्यालय करतं काय? ब्रिगेडवाला आजची टेकडी बघतो, डिव्हिजनवाला उद्याची. कोरला आठवड्यानंतरचं बघावं लागतं. कोणत्या रस्त्याने किती गाड्या जातील, तोफांचे गोळे कुठे उतरवायचे, जखमी कुठल्या इस्पितळात न्यायचे, पूल उडाला तर दुसरा उतार कुठे. ‘जी’ (G) नावाची ब्रँच नकाशावर लढाई आखते आणि ‘क्यू’ (Q) ब्रँच तिची भाकरी भाजते. मामांची व्याख्या याहून सोपी होती. “कोर म्हणजे पाचशे फोन आणि एक साहेब. फोन लागला पाहिजे आणि साहेब जाग्यावर पाहिजे.”

ही व्याख्या १९६२ ला लावून बघा, अंगावर काटा येतो.

त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांच्या ३३व्या कोरकडे होता. तिथल्या सरहद्दीवरच्या थाग ला या डोंगरकण्यावर चिनी येऊन बसले आणि दिल्लीतून हुकूम आला, त्यांना हुसका. उमराव सिंगांचं म्हणणं साधं होतं, आधी इतकं रेशन, इतका दारूगोळा, इतके गरम कपडे पुढे पोचू द्या, मग बोलू. हे उत्तर वर आवडलं नाही. ३३व्या कोरकडून नेफा काढून घेतला आणि ४ ऑक्टोबरला एक नवी कोर कागदावर आली, चौथी. कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. त्याआधी ते दिल्लीत चीफ ऑफ जनरल स्टाफ होते, वजनदार माणूस, पण लढाईत फौज चालवल्याचा अनुभव नाही. हाताशी लागले तेवढे अधिकारी घेऊन ते त्याच दिवशी तेजपूरला उतरले. त्यांच्याकडे ना पुरता स्टाफ होता, ना बसलेली घडी.

नवी बँक शाखा उघडायची म्हटली तरी आपल्याकडे सहा महिने जातात. इथे युद्धाच्या तोंडावर, पाचशे फोनांपैकी पाचही जोडायच्या आधी, ‘चिन्यांना हटवा’ म्हणून मुदत दिलेली. कौल स्वतः डोंगर चढत नामका चू नदीपर्यंत गेले. त्याबद्दल त्यांना भित्रा म्हणता येत नाही, म्हणूही नये. १० ऑक्टोबरला त्सेंग जाँगला चिन्यांनी आपल्या तुकडीवर हल्ला केला, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण कोर कमांडर ब्रिगेडच्या खंदकात जाऊन बसला की कोर कोण चालवणार? ब्रिगेडियर जॉन दळवींची ७वी ब्रिगेड सुती कपड्यांत, जवानामागे पन्नासेक गोळ्यांवर त्या नदीकाठी उभी होती. डाकोटा विमानातून टाकलेलं बरंचसं सामान दऱ्यांत जात होतं. मग कौलना उंचीचा त्रास झाला, छातीत पाणी भरलं आणि १८ ऑक्टोबरला ते दिल्लीला परतले. तिथून, घरच्या बिछान्यावरून, कोर चालू राहिली! २० तारखेला पहाटे चिनी हल्ला झाला. दोन दिवसांनी दळवी कैद झाले.

मधले चार-पाच दिवस कौलांच्या जागी लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग आले. कोरला जरा श्वास मिळतोय असं वाटेपर्यंत कौल परत हजर, आणि हरबक्ष सिंगांची रवानगी दुसरीकडे. ऐन लढाईत कमांडर असा अदलाबदल करायचा, हे मला आजही पचत नाही.

आणि १७ नोव्हेंबरची संध्याकाळ. नेफातल्या से ला खिंडीच्या फळीची डिव्हिजन मेजर जनरल ए. एस. पठानिया सांभाळत होते. त्यांना मागे सरकायची परवानगी हवी होती, म्हणून त्यांनी तेजपूरला कोर मुख्यालयात फोन केला. त्या वेळी मुख्यालयात खुद्द लष्करप्रमुख थापर हजर होते. ईस्टर्न कमांडचे प्रमुख एल. पी. सेन हजर होते. कौल मात्र नेफाच्या पूर्व टोकाला, वालाँगच्या बाजूला गेलेले. दोन्ही मोठ्या साहेबांनी निर्णय दिला नाही, कौल येईपर्यंत थांबा म्हणाले. कौल संध्याकाळी उतरले. मग आधी परवानगी, मग ‘थांबा’, आणि रात्री उशिरा असा निरोप की जमेल तोवर टिका, नाहीच जमलं तर मागे या. तोवर एक पलटण खिंडीतून सरकू लागली होती. ते पाहून बाकीची फळी विस्कटली. पुढच्या दोन दिवसांत बोमडिलाही गेलं.

मामा तेव्हा तेजपूरला नव्हते, शाळेतून नुकते बाहेर पडले होते. पण पुढे रेजिमेंटमधल्या जुन्या लोकांकडून त्यांनी हे ऐकलं होतं, आणि सांगताना दर वेळी एकाच जागी थांबायचे. “लाईन चालू होती रे. आमच्या लोकांनी लाईन चालू ठेवलेली.”

१९ तारखेला कोर मुख्यालय गुवाहाटीला हललं. मागे तेजपूरमध्ये स्टेट बँकेच्या नोटा जाळल्या, नाणी तळ्यात फेकली, वेड्यांच्या इस्पितळाची दारं उघडली. चिनी तेजपूरला कधी आलेच नाहीत, २१ च्या पहाटे त्यांनी एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

इथे आपल्या मातीतल्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. १९५७ ते १९६१ ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. १९५९ मध्येच त्यांनी लिहून दिलं होतं की सरहद्दीवरच्या चौक्या फक्त शत्रूची चाहूल देण्यापुरत्या ठेवा, खरी लढाई आपले रस्ते पोचतात तिथे, आत द्या; म्हणजे लांब पल्ल्याची रसद ओढताना दम त्यांचा लागेल. १९६० साली ‘लाल किला’ नावाच्या सरावात हे मांडूनही दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते उडवून लावलं. लष्करप्रमुखपदासाठी थोरातांचं नाव चर्चेत होतं, निवड थापर यांची झाली, १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. कोल्हापूरकरांना हे माहीत असेल, बाकी महाराष्ट्राला किती माहीत आहे याची मला शंका आहे.

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे मात्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, संरक्षणमंत्री झाले, भाषणात टाळ्या घेणारं वाक्य तयार झालं. मला त्याच्यापेक्षा २ सप्टेंबर १९६३ चं यशवंतरावांचं लोकसभेतलं निवेदन महत्त्वाचं वाटतं. हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेम भगत या दोघा अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली होती, तिचा गोषवारा त्यांनी सभागृहात मांडला. सार असं की हुकूम वरून खाली जाण्याच्या व्यवस्थेत मुळात खोट नव्हती. ती वाट सोडली तिथे घोटाळा झाला, आणि वाट सुटली ती घाईमुळे, आधी तयारी न केल्यामुळे. वरच्या मुख्यालयांना कुठली तुकडी कुठे लावायची इथपर्यंत हात घालायची सवय लागली होती, हेही त्यात आलं. यशवंतरावांनी कुणाचं नाव घेऊन झोडपलं नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण ज्याला वाचता येतं त्याला ४ ऑक्टोबरची तारीख त्या ओळींमध्ये दिसते.

(तो अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. म्हणजे जगाने वाचला, फक्त आपल्या सरकारी कपाटाला अजून कुलूप आहे. असो.)

नोव्हेंबर संपता संपता सॅम माणेकशा चौथ्या कोरवर आले. लेखी हुकमाशिवाय माघार नाही आणि तसा लेखी हुकूम निघणार नाही, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण मामांच्या रेजिमेंटमध्ये पाच वर्षांनीही ते वाक्य चहासोबत मिळायचं.

आता तीच कोर, नऊ वर्षांनी.

१९७१ ला कमांडर होते लेफ्टनंट जनरल सगत सिंग. गोव्याच्या लोकांना हे नाव माहीत असायला हवं. डिसेंबर १९६१ मध्ये पणजीत शिरलेल्या ५०व्या पॅरा ब्रिगेडचे ब्रिगेडियर तेच. १९६५ मध्ये सिक्कीमला डिव्हिजन सांभाळताना वरच्या कोर मुख्यालयाने नथू ला खिंड सोडायला सांगितलं, तर यांनी सोडली नाही. शेजारची जेलेप ला दुसऱ्या डिव्हिजनने सोडली, ती आजही आपल्या हातात नाही. म्हणजे कोरचं न ऐकणारा माणूस पुढे कोरच्याच खुर्चीत बसला.

आणि बसल्यावर केलं काय? आधी रस्ते. लढाई पूर्व पाकिस्तानात व्हायची होती, तिथे जायचं त्रिपुरातून. त्रिपुरात रेल्वे धर्मनगरपर्यंत, तीही मीटरगेज, पुढे डोंगरातून एकच अरुंद रस्ता. त्यावरून तीन डिव्हिजनचं सामान न्यायचं, तेही पावसाळ्यात. मामांच्या बोलण्यात १९७१ म्हणजे हेच. चिखल, ट्रक, केबलची रिळं, तेलियामुराच्या जंगलात ताडपत्रीखाली मांडलेलं एक्सचेंज. लढाई बारा-तेरा दिवसांत आटोपली, त्याआधीचे कित्येक महिने ते लाईनच टाकत होते. “पोरांनो, लढाई सुरू झाली तेव्हा आमचं काम संपलेलं,” असं म्हणायचे. बढाई नव्हती ती.

मेघना नदी, काही ठिकाणी पलीकडचा काठ धूसर दिसावा इतकी रुंद. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तान्यांनी ९ डिसेंबरला उडवला. चौथ्या कोरला ढाक्यापर्यंत जायचं असं मूळ आराखड्यात ठरलेलंच नव्हतं. सगत सिंगांनी त्याच दिवशी दुपारपासून एमआय-४ हेलिकॉप्टरमधून जवान पलीकडे उतरवायला सुरुवात केली. जेमतेम डझनभर हेलिकॉप्टरं, ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या हाताखाली, रात्रंदिवस फेऱ्या. बाकीचे स्थानिक लोकांच्या होड्यांतून. कलकत्त्याहून ईस्टर्न कमांडने हरकत घेतल्याच्या गोष्टी आहेत, पण कोर थांबली नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या, त्या फोटोत मागे उभ्या असलेल्यांत सगत सिंग आहेत. सह्या करणारे आपले जगजित सिंग अरोरा आणि पाकिस्तानचे नियाझी सगळ्यांना ओळखू येतात. यांना शोधावं लागतं.

मला कुणी म्हणेल की १९७१ ला शत्रू वेगळा होता, हवाई दल सोबत होतं, मुक्तिबाहिनी होती. मान्य. तरीही त्याच नंबरची कोर, तेच तेजपूर, तशीच शूर माणसं. ६२ चे जवान ७१ च्या जवानांपेक्षा कमी होते असं म्हणायची कुणाची छाती आहे? फरक दिसतो तो मुख्यालयात. एकीकडे एका दिवसात जन्माला घातलेलं, दुसरीकडे नऊ वर्षं मुरलेलं. आपण मात्र पोवाडे जवानांचे गातो आणि शिव्या नेत्यांना देतो. मधल्या ताडपत्रीखालच्या माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कारगिलपर्यंत लडाख आणि काश्मीर खोरं ही दोन्ही ओझी श्रीनगरच्या १५व्या कोरवर होती. १९९९ मध्ये ते अंगाशी आलं, मग त्याच वर्षी १ सप्टेंबरला लेहला १४वी कोर उभी केली. या वेळीही शहाणपण आगीनंतरच. पण निदान ती मुरायला वीस वर्षं मिळाली, म्हणून २०२० मध्ये चिन्यांसमोर बसायला तिथे एक कोर कमांडर होता.

मामा आता नाहीत. त्यांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला निघाला, कळकट, आणि केबल सोलायचा एक चाकू. चाकू मी रोज आंब्याच्या दिवसांत वापरतो, मामींना ते आवडत नाही.

तुमच्या घरात ६२ ला तेजपूर, मिसामारी, बोमडिला या बाजूला असलेलं कुणी असेल, तर त्यांनी जे सांगितलं ते खाली लिहा. विशेषतः क्लार्क, ड्रायव्हर, सिग्नलवाले, स्वयंपाकी. त्यांच्या गोष्टी कुणी विचारलेल्याच नाहीत.